‘भाट्ये’चा पुरावा

अस्लमभाईंचा मला अजून राग येतो. माणसाने इतकं सरळ असू नये हो!

१९९८ साली कुवेतची नोकरी सोडून ते रत्नागिरीला, राजिवड्यातल्या घरी परतले आणि थेट मारुती आळीत माझ्या टायपिंगच्या क्लासात आले. “सावित्रीबाई, तुमच्या मुलींची बोटं टाइपरायटरवर जशी चालतात, तसंच कॉम्प्युटरवर मराठी उमटलं पाहिजे.” वर्षभर ते प्रोग्राम लिहीत होते आणि शेजारी बसून मी चुका काढत होते. ‘ळ’ची कळ चुकली की मी ओरडायची आणि ते हसायचे. प्रोग्रामचं नाव ठेवलं ‘भाट्ये’. का, तर त्यांच्या खिडकीतून खाडीपलीकडे तेवढं एकच गाव दिसायचं. दोन वर्षांत पार संगमेश्वरापर्यंत छापखान्यांत, पतपेढ्यांत, ग्रामपंचायतींत ‘भाट्ये’ पोचलं.

मग एक बडी कंपनी आली. तिचं नाव घेऊन तोंड कशाला विटाळू? तिने आपल्या प्रत्येक मशीनमध्ये स्वतःचं मराठी फुकट घालायला सुरुवात केली. फुकटाला कोण नाही म्हणणार! वर विक्रेत्यांना पत्रं गेली : दुसऱ्या कुणाचा मराठी प्रोग्राम घालून द्याल, तर माल बंद. रत्नागिरीतला विक्रेता अरशद, म्हणजे अस्लमभाईंच्या धाकट्या बहिणीचा, फरीदाचा नवरा. त्यानेच पत्र दाखवलं. “बघ भाय, माझा नाइलाज आहे.” अस्लमभाईंनी ते मागून घेतलं.

दिल्लीत मक्तेदारीच्या तक्रारी ऐकणारा आयोग आहे, हे मीच पेपरात वाचलं होतं. अर्ज गेला. २००२मध्ये तारीख लागली. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही कागद लावत बसलो होतो, तेवढ्यात फरीदा आली.

“भाय, ते पत्र दाखवलंस तर आमची एजन्सी गेलीच. पोरींना घेऊन मी कुठे जाऊ?”

अस्लमभाईंनी पत्र काढून तिच्या हातात ठेवलं. माझ्यादेखत! मी कळवळून म्हटलं, “अहो, निदान झेरॉक्स तरी काढा!”

“बहिणीने मागितलं, बाई. आता त्यात चोरी कसली करायची?”

फरीदाने घरी जाऊन ते न्हाणीच्या चुलीत घातलं.

दिल्लीत कंपनीचा वकील म्हणाला, गिऱ्हाइकाला फुकट मिळतंय, यात नुकसान कुणाचं? तिथल्या साहेबाने मात्र अस्लमभाईंचं सगळं ऐकून घेतलं. “दुकानदारांना अडवलं असेल, तर आम्ही कंपनीला जाब विचारू. तसा कागद आहे?” अस्लमभाई म्हणाले, “नाही.” अर्ज तिथेच निकालात निघाला.

माणूस परत आला तो अर्धा होऊन. पुढे नव्या मशीनवर ‘भाट्ये’ चालेना, आणि ते दुरुस्त करायची उमेद त्यांच्यात उरली नव्हती. छापखान्यांनी एकेक करून काढून टाकलं. मीसुद्धा. हो, मीसुद्धा! मुलींना नोकऱ्या कंपनीच्या मराठीवर मिळत होत्या. लाज वाटते सांगायला, पण काय करणार होते मी?

२००६मध्ये कंपनीने अरशदची एजन्सी काढून घेतली. चूक नाही, कारण नाही. आता म्हणे माल थेट मुंबईहून येणार. नवरा-बायको अस्लमभाईंना घेऊन माझ्या क्लासात आली.

“भाय, नवा कायदा झालाय म्हणतात. आमची तक्रार लिहून दे. तुला सगळं ठाऊक आहे.”

दुसरा कुणी असता तर त्यांना दाराबाहेर काढलं असतं. मी तर काढलंच असतं! अस्लमभाई खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले. चार वर्षांपूर्वीचा अर्ज त्यांना शब्दन्‌शब्द पाठ होता. त्याच कंपनीच्या मराठीत मी तो टाइप करत गेले. विक्रेत्यांवर दबाव, दुसऱ्यांच्या प्रोग्रामला बंदी, सगळं लिहून झालं आणि शेवटच्या रकान्यापाशी मी थांबले.

“पुरावा काय लिहू?”

फरीदाने ओढणी तोंडाशी धरली.

“काही नाही,” अस्लमभाई म्हणाले. “रिकामा ठेवा, बाई.”