कोपऱ्यातला गोल

केजच्या बसस्थानकासमोर फ्लेक्सचं दुकान आहे. तिथं वनमाला कॉम्प्युटरवर बसते. फोटो कापायचा, मागं उगवता सूर्य टाकायचा, नावात पिवळं भरून लाल कड द्यायची. गिऱ्हाईक अडलं की तीच सांगणार, "बायकोच्या नावाआधी सौ. लावा, विधवा आईच्या श्रीमती."

नवऱ्यानं टाकल्यापासून ती भावाकडं राहते. भावानं, बजरंगनं, जुन्या पत्र्याच्या घराशेजारी स्लॅबचं घर बांधलं आणि म्हणाला, "अक्का, जिन्याखालची खोली तुजी." तिनं लगेच त्या खोलीच्या खिडकीचा पडदाही शिवून टाकला.

वास्तुशांतीचा बॅनर करायला भावजय राजनंदिनी स्वतः दुकानात आली. स्क्रीनवर मधोमध नवरा-बायको, खाली 'निमंत्रक' म्हणून घरच्यांचे गोल फोटो. कोपऱ्यातल्या गोलात वनमाला होती. खाली अक्षरं, 'वनमाला'.

"अक्का, नुसतंच नाव कावून?"

"राहू दे तसंच."

"तसं कसं? सगळ्यांच्या नावाआधी काहीतरी हाय. पावणे इचारतील की." राजनंदिनीनं खुर्ची पुढं ओढली. "सौ. लावावं तर तुमच्या मालकांनी दुसरी करून ठेवली. श्रीमती लावलं तर लोक म्हनतील, गेले का काय. ते तर लेकरांना घिऊन मोटारसायकलवर फिरतेत. आनि कुमारी..." ती हसली. लॅमिनेशनसाठी थांबलेला माणूसही हसला.

"मग काढू का?" वनमालानं विचारलं. भावजय नको म्हणेल, असं तिला वाटलं होतं.

"काढाच. तुमालाच तरास नको."

नाव गेलं, फोटो गेला. गोल रिकामा राहिला. राजनंदिनीनं मोबाइल पुढं केला. "हितं आपला हरण्या टाका. शंकरपटात पहिला आलाय. लोक त्यालाच बघाया येनारेत."

हरण्या म्हणजे घरचा शर्यतीचा बैल. फोटोतल्या गर्दीतून त्याची शिंगं सोडवायला वेळ लागला. वनमालानं खाली 'शंकरपट केसरी हरण्या' लिहिलं, पिवळं भरलं, लाल कड दिली. हात सवयीचा होता, काम चांगलंच झालं.

"लई शोभतोय," राजनंदिनी म्हणाली.

वास्तुशांतीला वनमाला बुंदी वाढत होती. माजलगावहून आलेल्या चुलत मावशीनं तिचा हात धरला. "अगं, तू हितंच? बॅनरवर दिसली न्हाईस. म्हनलं, गेली जनू नांदायला परत."

"कुठलं नांदनं मावशी," राजनंदिनी मधेच म्हणाली. "अक्का आमच्याकडंच हायेत."

"मग हिची खोली कुठली?"

जिन्याखालचं दार उघडंच होतं. आत भिंतभर हरण्यानं जिंकलेल्या ढाली मांडल्या होत्या. खिडकीला वनमालानं शिवलेला पडदा होता. तिनं भावाकडं बघितलं.

बजरंग पत्रावळीतली बुंदी निवडत बसला. "अक्काला पत्र्याच्या घराची सवय हाय," तो म्हणाला. "आनि तिथल्या कडब्याला राखन लागतीच की कुनीतरी."

मावशीनं हात सोडला.

"बुंदी घ्या की अजून," वनमाला म्हणाली.