चोच फोडलेला पक्षी

मुलुंडला आमच्या सोसायटीत राहणारे एक गृहस्थ विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत कारकून आहेत. लिफ्टमध्ये भेटले की 'आमच्या कमानी, आमचं कोरीवकाम' सुरू होतं, जणू दगड यांनीच घडवलेत. परवा मुलीच्या मार्कशीटसाठी त्यांच्या खोलीत गेलो, तर एसीचा पाइप नेण्यासाठी खांबावरच्या दगडी पक्ष्याची चोच फोडलेली दिसली.

"अहो, हे कोणी केलं?"

"मीच फोडायला सांगितलं. एवढ्या पक्ष्यांत एकाची चोच कोण बघतंय यार?"

तेवढ्यात इमारत बघायला आलेले विद्यार्थी दारात उभे राहिले. गृहस्थ लगबगीने उठले आणि त्या पक्ष्याला पाठीने झाकत म्हणाले, "या, या! इथला एकेक पक्षी जिवंत वाटतो ना?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मार्कशीटवर शिक्का अजून बसायचा होता. मीही मान डोलावली.