रेघेला विचारू

"रेघेला विचारू," असं म्हणून ते उकिडवे बसायचे. धोतराचा सोगा वर खोचायचे, एक डोळा मिटायचे आणि गाल जवळजवळ जमिनीला टेकवून पाहायचे. आट्यापाट्यांचा डाव कितीही रंगात आलेला असो, तेवढा वेळ सगळं मैदान गप्प. उठायचे ते निकाल घेऊनच.

कल्याणच्या कचेरीत आम्ही शेजारी बसून कारकुनी केली. तिथे त्यांना कुणी विचारत नसे. तळ्याकाठच्या मैदानात मात्र पंच म्हणजे तेच. तुम्हीही पाहिलं असेल, या खेळात सगळी भांडणं पाटी धरणाऱ्याच्या पायावरून होतात. त्याने पाटीवर, म्हणजे आखलेल्या रेघेवर, उभं राहून पलीकडे निसटणाऱ्याला अडवायचं. हात लागला की निसटणारा गडी मेला. पण हात लागताना अडवणाऱ्याचा पाय रेघेबाहेर असेल, तर तो हात फुकट. आता पायाकडे बघतो कोण? लोक हात बघतात, आणि मग एकमेकांचे आईबाप काढतात.

यांनी त्यावर तोड काढली होती. रेघ वीतभर रुंद, चुलीतल्या राखेची. दोन्ही बाजूंची जमीन पाणी शिंपून हाताने सारवलेली. टाच बाहेर पडली की ठसा उमटलाच. "मला माणसं ओळखता येत नाहीत बुवा," म्हणायचे, "टाचा येतात." राख टाकणं आणि सारवणं माझ्याकडे. माझा डावा पाय अधू, खेळणं नशिबात नव्हतं. तेवढाच माझा खेळ.

त्या शिमग्यात ठाण्याची मंडळी आगगाडीने आली. पहिल्याच डावात त्यांच्या एका गड्याची टाच दोन बोटं बाहेर सापडली आणि त्याचा हात फुकट गेला. ठाणेकर भडकले. "हाच न्याय आपल्या पोराला लावाल का?" यांचा एकुलता एक मुलगा आमच्याकडून पाटी धरणार होता. हे नुसते म्हणाले, "रेघेला विचारू."

आणि ती वेळ आलीच. ठाण्याचा शेवटचा गडी सगळ्या पाट्या ओलांडून परत येत होता. तो सुटला की आम्ही हरलो. मुलाने झेप घेऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या. हे उकिडवे बसले.

"टाच बाहेर. गडी सुटला."

मुलगा पांढराफटक पडला. "बाबा, माझी टाच रेघेवर होती. तुमची शपथ."

"ठसा आहे."

ठसा होता, पण त्याचा नव्हता. दोन डावांच्या मधे राख टाकताना मी तिथे पाऊल टाकलं होतं, आणि कुणाशी तरी थट्टा करण्याच्या नादात ते सारवायचं विसरलो होतो. मला तिथल्या तिथे कळलं. पण दातखीळ बसली हो माझी! एवढ्या माणसांत तोंड उघडलं नाही.

बापाची खोटी शपथ घेणारा, म्हणून गावाने त्या मुलाला तोंडावर हिणवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रुळांच्या कडेने शहाडकडे चालत जाताना कुणाला तरी दिसला. तो गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. यांनीही मैदानाकडे पुन्हा पाऊल वळवलं नाही.

तीन वर्षं मी हे पोटात ठेवलं. मग एका संध्याकाळी राहवेना, त्यांच्या ओसरीवर बसून सगळं सांगून टाकलं. 

"मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. परतताना तुम्ही वहाणा हातात घेऊन तळ्याच्या काठाने माझ्यापुढे चालत होता. चिखलात तुमची डावी टाच पाहिली. तशीच खोल, तशीच तिरकी. मैदानात मला ती ओळखू यायला हवी होती. पण कानात ठाणेकरांचा तो टोमणा होता."

"अहो, मग बोलला का नाहीत? तो तर अजून घरात होता!"

"दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर तसाच धावत जाऊन ठाणेकरांना गाडीवर गाठलं असतं. निकाल फिरवला असता. पूर्वी दोनदा फिरवलाय, तुम्ही होतात तेव्हा. पण हा माझा. लोक म्हणाले असते, बाप विरघळला. सगळ्यांना एक माप लावलं, आणि त्याला एकट्याला दुसरं."

मला रडू फुटलं. ते कोरडेच होते.

निघताना पाहिलं तर पायरीपुढची जमीन ओली, हाताने नीट सारवलेली. त्यांची बायको हळूच म्हणाली, "रोज दिवेलागणीला सारवतात. सकाळी उकिडवं बसून बघतात. म्हणतात, तो येऊन दारातूनच परत गेला तर कळायला हवं."

पुढे साथीत दोघंही गेली. घराला कुलूप लागलं. मी कचेरीत जाताना रोज त्या दारावरून जातो. पायरीपुढची जमीन सुकून दगडासारखी झाली आहे, आता तिथे कुणाचाच ठसा उमटणार नाही. तरी मी तिथे पाऊल टाकत नाही.