परक्या गाडीवर आप्पांचा खडू

आप्पांना सोमवारी उत्तर द्यायचं होतं, म्हणून आम्ही शनिवारी चाकणला गेलो. लोक सुट्टीत लोणावळा, महाबळेश्वर करतात आणि आम्ही कारखाना बघायला निघालोय, हे ऐकून माझ्या हिंजवडीच्या ऑफिसात करमणूक झाली. होऊ दे. काचेच्या इमारतीत आठवडाभर बसणाऱ्यांनी दुसऱ्याच्या सहलीला हसावं, हीही एक करमणूकच.

आप्पा म्हणजे माझे वडील. धनकवडी हे खरोखरीचं गाव होतं तेव्हाच्या शेतकरी घरातले. आयटीआय करून पिंपरीकडच्या, आपल्या इथल्याच एका मोटार कंपनीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांचं काम होतं हात फिरवायचं. पत्र्याची गाडी उभी राहिली की रंगाला जाण्याआधी पातळ सुती हातमोजा घालून तिच्यावर तळहात फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारा खळगा हाताला लागतो. लागला की खडूने गोल करायचा, हातोडीने हलकेच ठोकून काढायचा आणि पुन्हा हात फिरवायचा. आप्पांच्या हातून खळगा सुटत नाही, असं कारखान्यातल्या त्यांच्या अख्ख्या विभागात म्हणत.

आता त्याच कंपनीने त्यांना परत बोलावलं होतं. नवी गाडी येतेय, वर्षभर या आणि पोरांना हात शिकवा, म्हणाले. आई तर लगेच म्हणाली, "जा. नाहीतरी घरात कपाटांवरनं हात फिरवत बसता." पण आप्पा अडून बसले. "आधी त्या परदेशी कंपनीचं बघतो," ते म्हणाले. "तिथं समदं यंत्रच करत आसंल, तर पोरांना हे शिकवून फसवायचं कशापायी?" प्रश्न साधा नव्हता. तीस वर्षांचं काम अजून कुणाला हवंय का, हेच त्यांना विचारायचं होतं.

माझ्याबरोबर इंजिनिअरिंगला असलेला निखिल चाकणच्या एका परदेशी कंपनीत आहे. कुठल्या देशाची ते लिहीत नाही, त्याची नोकरी राहू दे. पाहुण्यांना ठरावीक शनिवारी कारखाना दाखवतात. आधी नाव नोंदवावं लागतं, ओळखपत्र लागतं, पायात बंद बूट हवेत, आणि मोबाइल फाटकावर ठेवून घेतात. ओढणी घालून जाऊ नका, तीही काढायला लावतात.

सकाळी सातला निघालो. कात्रजवरून बायपास धरला तर शहर टळतं, पण आप्पांना पिंपरीवरूनच जायचं होतं. जुन्या फाटकासमोर त्यांनी गाडी हळू करायला लावली. उतरले नाहीत. मला मात्र तो दिवस आठवला. मी दहावीत होते आणि कंपनीची स्वतःची पहिली छोटी गाडी बाहेर पडल्यावर कामगारांच्या घरच्यांना आत बोलावलं होतं. देशाची दारं उघडली, परदेशी गाड्या आल्या, आता आपल्या लोकांचं काय होणार, असं तेव्हा पेपरात रोज यायचं. आत मात्र बॉनेटवर हळदकुंकू होतं, नारळ फुटला होता, आणि पाळी सुटल्याचा भोंगा वाजेपर्यंत माणसंच माणसं होती. आप्पांनी मला एका दाराशी उभं केलं. "ह्यात तोंड बघ. वाकडं दिसतंय का?" नव्हतं दिसत. त्या वयात वडिलांचा इतका अभिमान वाटणं मैत्रिणींना सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज इथे सांगते.

भोसरीच्या पुढे, मोशीचा टोलनाका यायच्या आत डाव्या हाताला पत्र्याच्या छपराचं एक हॉटेल आहे. पस्तीस रुपयांत मिसळ, वर तर्री हवी तितकी. टेबलावर पाटी आहे, 'पाव मोजून खा, आम्ही मोजतोच.' आप्पांनी दोन प्लेट खाल्ल्या. ते धास्तावले की जास्त खातात.

मोशी ओलांडल्यावर रस्ता सारा कंटेनरचा. नेमका शनिवार म्हणजे चाकणच्या बैलबाजाराचा दिवस, त्यामुळे कंटेनरच्या मधे बैलांचे टेम्पो. ज्यांना वेळेवर पोचायचंय त्यांनी तासभर जास्त धरावा. आप्पांना गर्दीचं काही वाटलं नाही. "माझा आजा हितनं बैल न्यायचा," ते म्हणाले. "पाठीवरनं हात फिरवून. डोळं मिटून." आमच्या घरात हे काम पिढीजात आहे तर, असं मी म्हटलं, तेव्हा दिवसभरात ते पहिल्यांदा हसले.

कारखान्यात निखिल फाटकावरच भेटला. जमिनीवर हिरवा पट्टा असतो, त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, हे त्याने तीनदा सांगितलं. आत गेलो आणि मी थक्क झाले. नारिंगी रंगाचे यांत्रिक हात एकाच वेळी वाकत होते, ठिणग्या उडत होत्या, आणि बघता बघता पत्र्याचे तुकडे गाडी होऊन पुढे सरकत होते. बाकीचे पाहुणे यंत्रं मोजत होते. आप्पा माणसं मोजत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "दुपारची सुट्टी झाली का?"

"नाही काका," निखिल म्हणाला, "इथे एवढेच लोक असतात."

आप्पांचा चेहरा उतरला. मला त्यांना तिथे आणल्याचा पश्चात्ताप झाला.

ओळीच्या शेवटी मात्र ट्यूबलाइटचा मोठा मांडव होता आणि त्याखाली पांढरे हातमोजे घालून एक मुलगी गाडीवरून तळहात फिरवत होती. निखिल काहीतरी समजावून सांगत होता, पण आप्पा थांबलेच नाहीत. हिरवा पट्टा ओलांडला, पत्र्याला ओरखडा नको म्हणून घड्याळ काढून खिशात टाकलं, मागच्या दारावरून एकदा हात नेला, परत आणला, आणि अजून सवयीने खिशात ठेवलेला खडू काढून गोल केला. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. तीस वर्षं जे केलं तेच हाताने केलं.

निखिल पांढराफटक पडला. "काका, काका!" करत तो धावला. कुठेतरी इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला. मी मनातल्या मनात निखिलची माफी मागितली.

ती मुलगी मात्र शांत होती. तिने गोलावरून हात फिरवला. खेडची होती, आयटीआयच केलेलं, हे बोलताना कळलं. "मला बी लागलं हुतं, मामा," ती म्हणाली. "पण हे बसतंय."

"कशात बसतंय?"

तिने शेजारच्या टेबलावरची पत्र्याची पट्टी दाखवली. तिच्यावर मुद्दाम पाडलेले पाच खळगे होते, एकापेक्षा एक खोल. तिसऱ्याखाली लाल रेघ होती. हाताला लागलेला खळगा या तिसऱ्याइतका किंवा त्याहून उथळ असला तर गाडी सोडायची, त्याहून खोल असला तर काढायचा. आप्पांनी डोळे मिटून पाचही चाचपले, मग पुन्हा दाराला हात लावला.

"म्हंजी खळगा हाय, तुला ठावं हाय, आन् सोडायचा?"

"सोडायचा. रंगात दिसत न्हाई."

"आन् मग तुला झोप लागती?"

"लागती की," ती हसून म्हणाली. "सगळ्या गाड्या सारख्याच जात्यात ना, मामा."

आप्पांनी रुमाल काढून खडूचा गोल पुसला आणि तिची माफी मागितली. निखिलने पुढचा दौरा जरा घाईतच उरकला. त्याने मला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

जेवायला चाकणच्या चौकापुढे थांबलो. पिठलं, भाकरी, ठेचा, दोघांचे मिळून एकशे दहा रुपये. भाकरी दुसऱ्यांदा मागितली की मालक आधी पहिली संपली का ते बघतो. आप्पांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि एकदम बोलू लागले.

"एकेका गाडीवर मी पाऊण तास घालवायचो. सुपरवायझर वरडायचा, तरी सोडायचो न्हाई. मग मागं गाड्या तुंबायच्या. पुढची पाच मिनिटांत ढकलायचो." पाणी प्यायले. "पहिली घेणारा नशीबवान. दुसऱ्यानं माझं काय वाकडं केलं हुतं?"

आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये चुका 'माहीत असलेल्या' म्हणून यादीत टाकतात आणि बिनदिक्कत सोडतात, आम्हाला झोपही छान लागते, असं मी सांगितलं. मग मी सरळ विचारलं, आपल्या लोकांचा निभाव लागेल का त्यांच्यापुढे?

"यंत्रं काय, पैसं टाकलं की येत्यात," ते म्हणाले. "ती रेघ कोण वढणार? त्ये आमच्यात कुणालाच जमलं न्हाई. मला तर न्हाईच."

परतीला बायपासने आलो. आप्पा झोपले नव्हते, डोळे मिटून होते. लहानपणी ते दुसऱ्या पाळीहून आले की तळहाताला लोखंडाचा वास यायचा आणि मी तो हात उशीला घ्यायची. तो वास आता घरात कुठेच नाही, याचं मला रस्ताभर वाईट वाटत राहिलं.

सोमवारी त्यांनी फोन केला. येतो म्हणाले, पण पहिला महिना पोरं नकोत, नुसता पत्रा द्या. तेव्हापासून कंपनीचा पत्रा घरी आणून, चाकणला पाहिली तशी पट्टी करायला रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत ठोकाठोक चालते. खालच्या काकूंनी 'कारखाना कितीला सुटतो?' असं विचारूनही झालं. आयुष्यभर खळगे काढलेला माणूस आता मोजून खळगे पाडतो. आणि पाडताना त्याला त्रास होतो, तो मला दिसतो.

ही सहल करावी का, असं विचाराल तर जरूर करा. यंत्रं बघण्यासारखी आहेतच. मी मात्र काल संध्याकाळी जे पाहिलं ते माझ्या जास्त लक्षात राहील. पट्टी तयार होती, पाच खळगे, आणि आप्पांच्या हातात लाल रंगाचा ब्रश. दुसऱ्या खळग्यावर तळहात ठेवून ते किती तरी वेळ बसले होते. "ह्यो मी कधीच सोडला नसता," असं म्हणाले, आणि त्याच्या पुढे, तिसऱ्याखाली, रेघ ओढली.