पाचाच्या पोटातला तीन

आमचं काम गलाईचं. सोनारांकडची मोड आणायची, मुशीत घालायची, टाकणखार टाकून जाळ धरायचा आणि मळ जाळून शुद्ध चांदी काढून द्यायची. काळं आलं की पांढरं करून परत करायचं, एवढंच मला येतं. नववी अर्ध्यात सोडून मामाबरोबर खानापूर तालुक्यातून बनारसला आलो, त्याला आता वीस वर्षं होतील. मामा गावी परतला. मी चौकाजवळच्या गल्लीत एका खोलीत भट्टी चालवतो आणि वरच्या खोलीत राहतो. बायको-मुलगी गावाकडे.

स्वभावानं मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. तेजाबाच्या बाटलीचं बूच लावलं की नाही, हे जिना उतरून तीनदा बघतो. कुणी "जरा बोलायचंय" म्हणालं की मी घाबरतो. लिहायचं म्हटलं तर आणखीच. बँकेत पावती भरतानासुद्धा मी मागच्या माणसाला पुढं जाऊ देतो.

नाण्यांचा नाद मोडीमुळं लागला. एकदा चांदीच्या मोडीत नखाएवढी पाच-सहा पितळी नाणी निघाली. एका बाजूला राणीचं तोंड, दुसऱ्या बाजूला झिजलेली अक्षरं. पितळ मुशीत गेलं तर चांदी बिघडते, म्हणून बाजूला काढली. सोनार म्हणाला, "फेंक दो." मी फेकली नाहीत. मुलगी तेव्हा लहान होती, तिला खेळायला होतील म्हणून ठेवली आणि मीच खेळत बसलो.

त्याच श्रावणात मंगला गौरीच्या देवळापाशी, गर्दीत, मागून मराठीत आवाज आला, "अहो, चप्पल कुठे काढलीत? दर वेळी तेच!" मी जागच्या जागी उभाच राहिलो. म्हातारं जोडपं होतं. चप्पल मीच शोधून दिली आणि बोलता बोलता त्यांच्या घरी चहाला गेलो. ते तात्या आणि काकू. चार-पाच पिढ्यांपासून बनारसचे. तात्या संस्कृत पाठशाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांची मराठी आमच्यासारखी नाही. "अरे भाई, आरामात बैस, जल्दी काय आहे," असं बोलतात. माझी भाषा ऐकून काकू हसायच्या, "हा 'तिकडं' म्हणतो बघा, जसं काही तिकडे आणखी लांब आहे."

दुसऱ्या भेटीत मी ती पितळी नाणी दाखवली. तात्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "ही खेळण्यातली. साहेबांची पोरं यांनी दुकान-दुकान खेळत. तुझ्याकडे आली कशी रे?" मग त्यांनी स्वतःचा सुपारीचा जुना डबा काढला. आत कागदाच्या पुड्यांत जुन्या इंग्रजी पेन्या होत्या, मोठ्या, मुळात तांब्याच्या रंगाच्या, आता काळ्याभोर. मला त्या सगळ्या सारख्याच दिसल्या. तात्या म्हणाले, "सारख्या दिसतात त्याच नीट बघायच्या."

त्यांनी मला ठसा म्हणजे काय ते शिकवलं. टाकसाळीत लोखंडी ठशानं नाणं उमटवतात. साल बदललं की कधी कधी नवा ठसा न कोरता जुन्याच ठशावर नवा आकडा ठोकत. आधीचा आकडा पुरता मरत नाही, खालून डोकावतो. तात्यांकडे अशी एक पेनी होती. सालाच्या शेवटी पाच, आणि भिंगातून बघितलं तर पाचाच्या पोटात तीन. वरचा बाक आणि खालची शेपटी, दोन्ही स्पष्ट. ती पेनी त्यांना शिंदे घाटावर गंगेचा गाळ चाळणाऱ्या एका माणसाकडे तरुणपणी मिळालेली. चाळीस वर्षांत त्या जातीची दुसरी त्यांनी पाहिली नव्हती.

चार वर्षं मी बाजार बंद असतो त्या दिवशी त्यांच्याकडे जात राहिलो. आठवड्यातून एक दिवस जेवण, एक दिवस मराठी. माझी खेळण्यातली नाणी मी रिठ्याच्या पाण्यात उजळून न्यायचो. तात्या बघून म्हणत, "वा, झगमगाट!" त्या माणसांनी मला काय दिलं ते मला नीट सांगता येणार नाही. काकू डब्यात थालीपीठ बांधून देत आणि मी गल्लीत वळेपर्यंत दारात उभ्या राहत.

गेल्या हिवाळ्यात तात्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं आणि दुसऱ्यानंही अंधुक दिसायला लागलं. त्याच सुमारास पुण्याहून एका अभ्यासकाचा फोन आला. ते असल्या ठशांच्या फरकांवर पुस्तक करत होते. तात्यांच्या पेनीचा फोटो त्यांना हवा होता, नाण्याखाली तात्यांचं नाव येणार होतं. शनिवारी येतो म्हणाले. तात्या त्या दिवशी दोनदा चहा प्यायले आणि दोन्ही वेळा साखर घालायला विसरले.

मी निघताना त्यांनी सुपारीचा डबा आणि एक फाटकी वही एकत्र फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. म्हणाले, "हे सगळं शनिवारच्या आत साफ करून आण. आता माझ्याच्यानं होत नाही."

मी "हो" म्हणालो. चाळीस वर्षांचा डबा माझ्या हातात!

वहीकडे मी बघितलंही नाही. डब्याबरोबर आली असेल, एवढंच वाटलं. साफ करायचं म्हणजे काय, हा प्रश्नच मला पडला नाही. गलाईवाल्याच्या हातात काळं नाणं देऊन कुणी साफ कर म्हणतं तेव्हा त्याचा दुसरा काय अर्थ असतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी काम उरकल्यावर बसलो. पाहुणे जी बघायला येणार, तीच आधी करावी. चिनी मातीच्या वाटीत पाणी, पाण्यात तेजाबाचे मोजून थेंब. पेनी चिमट्यानं धरून बुडवली, पाच आकडे मोजले, काढली. मग रिठ्याचं पाणी, मग मऊ ब्रश. पेनी तान्ह्या मुलाच्या तळव्यासारखी गुलाबी झाली. राणीचे केस एकेक मोजावेत असे. मी स्वतःवरच खूश होऊन बायकोला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, "अगदी नवं कोरं! तुम्हाला एवढं तरी येतंय म्हणायचं."

बाकीची उद्या करू म्हणून मी पेनी खिशात घातली आणि संध्याकाळी शिंदे घाटावर गेलो. तिथं गाळ चाळणारा एक जण मला कधीमधी खेळण्यातली नाणी देतो. तो पायरीवर चाळणी धूत होता. कौतुकानं त्याला पेनी दाखवली. त्यानं हातसुद्धा लावला नाही.

"भइया, ई का कर दिए?"

"साफ की. क्यों?"

"अरे नंगा कर दिए इसको. जो समझनेवाला है, ऊ अब छुएगा नहीं. वो काला रंग ही तो उसकी उमर है."

मी हसलो. तो हसला नाही. चाळणी आपटत म्हणाला, "हमलोग गंगाजी से निकालते हैं तब भी खाली पानी से धोते हैं. आप तो तेजाब वाले हैं."

खोलीवर येऊन भिंग काढलं. पाच होता. पोटात तिनाची खालची शेपटी होती. वरचा बाक नव्हता. दिव्याखाली फिरवून बघितलं, खिडकीशी नेऊन बघितलं, डोळे मिटून पुन्हा उघडले. नव्हता. आकड्यांच्या खाचेत साचलेल्या काळ्या मळामुळं तो बाक उठून दिसायचा, हे तेव्हा कळलं. मळ गेला आणि मळाबरोबर तो गेला.

बायकोला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "आता काय करताय?"

"तात्यांना दिसत नाही. कळायचं नाही त्यांना."

"पुण्याचा माणूस आंधळा आहे का?"

"पुन्हा काळी करता येते. गंधकाच्या धुरात धरली की..."

"अहो," ती मध्येच म्हणाली, "चार वर्षं त्या बाईच्या हातचं खाताय. उद्या सकाळी उठा, अंघोळ करा, आणि जाऊन सांगा. नाश्ता करू नका तिथं."

"का?"

"आधी खाऊन मग सांगितलं तर ते बरं दिसणार नाही."

सकाळी डबा आणि वही फडक्यात बांधून मी संकठा घाटावरून गेलो. जवळचा रस्ता होता तरी लांबून. मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वळणावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतो. ते घर गेलं तर या शहरात मराठीत ये-बैस म्हणणारं मला कुणी नव्हतं. दारात काकू होत्या. "आज कसा रे? आज तर बाजार उघडा." मी चपलाही न काढता उभ्या उभ्या सांगितलं. तेजाब, थेंब, पाच आकडे, सगळं.

तात्या खाटेवर होते. त्यांनी उठून बसून मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "साफ?"

"तुम्ही म्हणालात ना, साफ करून आण."

"अरे, यादी!" त्यांचा आवाज चढला. "वहीतली यादी साफ करून आण म्हणालो! मसुदा साफ करतात तसं. सुवाच्य अक्षरात. पेनी समोर ठेवून एकेक ताडून, म्हणून डबा दिला. बनारसमध्ये लिहिलेलं साफ करतात रे, पेनी नाही!"

काकू म्हणाल्या, "तुम्हीही कमाल करता. गलाईवाल्याला साफ कर म्हटलं तर तो काय दौत घेऊन बसेल?"

"मला वाटलं नाही..." मी म्हणालो आणि अडकलो. खरं ते सांगितलं, "तुम्ही मला लिहायचं काम द्याल असं माझ्या डोक्यातच आलं नाही, तात्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझा चेहरा किती दिसत होता कोण जाणे. मग हात पुढं केला. मी पेनी तळहातावर ठेवली. त्यांनी अंगठ्यानं चाचपली, भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मला दिसत नाही. तू बघ. तीन आहे?"

तेव्हा "आहे" म्हणालो असतो तर तेवढ्या शब्दात सगळं मिटलं असतं. त्यांना खात्री करता येणार नव्हती. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. काकू चुलीकडे वळल्या होत्या आणि खोलीत फक्त भांड्याचा आवाज होता.

"अर्धा," मी म्हणालो. "शेपटी आहे. वरचा बाक गेला."

"पक्कं?"

"पक्कं."

तात्यांनी पेनी पुडीत गुंडाळली आणि उशाशी ठेवली. माझ्याकडे दिली नाही. पाणी मागितलं, प्यायले. मग म्हणाले, "वही उघड. बैस. कोऱ्या पानावर लिही."

मी वही उघडली, पण लेखणी उचलली नाही. "तात्या, माझं अक्षर..."

"अक्षर मी कुठे बघणार आहे? लिही."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. धातू, वजन, राणीचं तोंड डावीकडे, सालाचा शेवटचा आकडा पाच, त्याखाली तीन. शेवटी शेऱ्याची जागा आली. मी लेखणी उचलून थांबलो.

"काय लिहू?"

"जे झालं ते. नाणं साफ केलेलं असेल तर तसं लिहावं लागतं. न लिहिणं म्हणजे ठगी."

मी लिहिलं, 'तेजाबानं साफ केलेली. तिनाचा वरचा भाग गेला आहे.' त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी 'तेजाबानं' बदलून 'तेजाबाने' करायला लावलं.

शुक्रवारपर्यंत मी उरलेल्या सगळ्या नोंदी पूर्ण केल्या. भट्टी बंद ठेवली. एकेक पेनी पुडीतून काढायची, कडेनंच धरायची, ताडायची, परत ठेवायची. दोन पानं चुकली म्हणून फाडली. बाटलीचं बूच तर मी त्या दिवसांत किती वेळा बघितलं असेल!

शनिवारी पुण्याचे गृहस्थ आले. सभ्य माणूस. पेनी बघितली, शेरा वाचला, आणि जरा खाली बघून म्हणाले, "फोटोसाठी मला दुसरा नमुना शोधावा लागेल. माफ करा." तात्यांनी मान हलवली. माझं नाव घेतलं नाही, नुसतं म्हणाले, "हो, तसंच करायला हवं."

मीच म्हणालो, "साहेब, ते मी केलं. त्यांनी नाही."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "यादी कुणी लिहिली?"

"तीही मीच."

"बरं केलंत शेरा लिहिलात ते," ते म्हणाले आणि पुढचं पान उलटलं. जाताना त्यांनी संबंध यादीचे फोटो काढून नेले. तात्या दारापर्यंत पोचवायला गेले नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

मी अजून जातो. काकू अजून थालीपीठ देतात. तात्या दर वेळी एखाददुसरी नवी नोंद सांगतात. यादीची वही माझ्याच खोलीवर असते, ती त्यांनी परत मागितलेली नाही. ती पेनी मात्र त्यांनी पुन्हा कधी माझ्या हातात दिलेली नाही, आणि मीही मागितलेली नाही.