काढून ठेवलेला शिकंजा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि ती तर आता राहिलीही नाही. तुम्ही आपले वाटलात म्हणून बोलतोय.

आमच्या कारागीर सोसायटीत पत्र्याला पत्रा जोडायचं रिव्हेटचं मशीन एकच. एक आठवडा मी चालवायचो, एक आठवडा बबन. बबन लिंबागणेशचा, माझा जोडीदार, भलता संथ माणूस. मशीनला पुढं एक शिकंजा होता. तो दोन पत्रे आधी गच्च आवळून धरायचा, मगच रिव्हेट बसायचा. आवळा, ठोका, सोडा — प्रत्येक रिव्हेटला तेच. बबननं ते कधी चुकवलं नाही. मला मात्र त्याचा जाम कंटाळा.

दुष्काळाचं वर्ष होतं. टँकरचं पाणी साठवायला गावोगाव टाक्या हव्या होत्या. आमच्यातला फोरमन कोण, हेही तेव्हाच ठरणार होतं. मग काय? — माझ्या आठवड्यात मी शिकंजा खोलून ठेवला आणि पत्रे हातानंच दाबून धरले. टाक्या भराभर निघाल्या. वरून रंग दिल्यावर काय कळतंय? सगळ्यांनी पाठ थोपटली. मी फुगलो, खोटं कशाला बोलू?

त्यातली एक टाकी धारूरकडच्या एका वाडीत गेली. सकाळी टँकर तिच्यात रिकामा झाला, दुपारपर्यंत टाकी अर्धी. चेअरमन आम्हा दोघांना घेऊन बघायला गेले. बायका सांध्यांना फडकी दाबून, खाली पातेली धरून बसल्या होत्या. चिखल झाला होता नुसता — प्यायच्या पाण्याचा. चेअरमननी विचारलं, ही कुणाच्या आठवड्यातली? नोंद कुणीच ठेवत नव्हतं.

मी म्हणालो, "बबनच्या."

एकच शब्द. बबननं पत्र्यांच्या फटीत नख घालून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "शिकंजा लावला न्हाई बे ह्याला," एवढंच म्हणाला. आता हा माझं नाव घेणार, असं वाटलं. त्यानं घेतलं नाही. का? मी स्वतःहून बोलेन, याची वाट पाहत होता का? त्याला सोसायटीतून काढलं. मी फोरमन झालो.

पुढं निवृत्त होईपर्यंत मी नव्या माणसांना बजावत राहिलो — शिकंज्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. फोरमन लई काटेकोर हाय, म्हणायचे सगळे. ते ऐकताना किती एकटं वाटायचं, ते कुणाला सांगणार होतो? डबाही एकटाच खायचो. समोर बबन बसायचा ना, ती जागा मी कुणाला देऊच शकलो नाही.

एकदा, सांगायचंच असं ठरवून, त्याच्या घरी गेलो. अंगणात त्यानं स्वतः केलेली जुनी टाकी होती, खालची माती कोरडी ठणठणीत. "ये बे, बस. लई उन्हाचा आलास," म्हणत त्यानं तिच्यातूनच तांब्या भरून दिला. मी पाणी प्यालो. पिकापाण्याचं काहीबाही बोललो. आणि उठून आलो.

गेल्या उन्हाळ्यात बबन वारला.

वाडीतली ती टाकी माझ्या आठवड्यातली होती.