वासराच्या वाटचं दूध
बाळंतपणाला मी श्रीरामपूरकडच्या बेलापूरजवळ माहेरी आले, त्याच सुमारास गोठ्यातली गाय गाभडली होती. दिवस भरायच्या आत वासरू मेलेलं पडलं, पण गाय दुधावर आली. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "वासराच्या वाटचं आता आमच्या पोरीला." रोज सकाळी धार काढली की फेसाळलेला पेला थेट माझ्या हातात. तापवलं की दुधातला कस जातो, असं त्यांचं ठाम मत. पुण्यात मी पिशवीतलं दूध पिते याचं त्यांना कोण दुःख!

मग ताप सुरू झाला. सकाळी मी ठणठणीत, दिवेलागणीला हुडहुडी, आणि नंतर गाऊन पिळून काढावा इतका घाम. कंबर, गुडघे ठणकायचे. आई म्हणायची, "पोटुशीपनात व्हतंच असं." मलाही ते पटवून घ्यायचं होतं. पण पोटातली हालचाल मंदावली आणि माझं धाबं दणाणलं.

श्रीरामपूरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दूध कच्चं पिता का?"

आप्पाच अभिमानानं बोलले, "व्हय, धारेचं ताजं. घरचं हाय, भेसळ न्हाई."

"गाय गाभडली होती का?"

आप्पांचा चेहरा उतरला. रक्त तपासलं. गायीचं वासरू ज्यानं गेलं, तोच जंतू दुधातून माझ्या अंगात शिरला होता. बाळालाही धोका आहे, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

गोळ्यांनी लघवी शेंदरी व्हायची. त्या औषधाचा रंगच तसा, हे माहीत असूनही दर वेळी रक्त तर नाही ना, हे मी वाकून बघायचे. आप्पा उंबऱ्यात येऊन विचारायचे, "हाललं का गं?" हललं नसलं तरी मी हो म्हणायचे. त्यांचा भयंकर राग यायचा, पण त्यांचं तोंड पाहून काही बोलवत नसे.

मुलगी लवकर झाली, बारीक होती, पण खणखणीत रडली. आप्पा दवाखान्याच्या दारातच डोळे पुसत उभे राहिले. तुमचे रिपोर्ट चांगले आलेत, बिनधास्त पाजा, असं बाईंनी सांगितलं. नर्सनं तिला माझ्या छातीशी दिलं. ती तोंड उघडून शोधू लागली आणि मी तिला हातभर लांब धरलं.

"सिस्टर," मी विचारलं, "काढून, तापवून पाजलं तर चालेल का?"